शिवी कुठं दिली?



घटनेचं कलम १७ दोन वाक्यांचं. अस्पृश्यता नष्ट झाली, पाळली तर गुन्हा. पण या गुन्ह्याला शिक्षा ठरवायला १९५५ चा कायदा यावा लागला. तो पुरला नाही म्हणून १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आला. अन् छापलेल्या कायद्यात आपल्याला किती जागा, ते ठरतं कोर्टाच्या निकालानं. हे निकाल फौजदाराच्या टेबलावर आधी पोचतात, आपल्या वस्तीत नंतर.

मी तारापूर एमआयडीसीत कामाला, राहायला बोईसरच्या चाळीत. २०२१ ची गोष्ट. परभणीकडनं पोट भरायला आलेली एक मावशी शेजारच्या चाळीत भाड्यानं राहायची. नळ चाळमालकाच्या अंगणात. हंडा पुढं सरकवला म्हणून मालकानं तिची जात काढली, आईमाई उद्धारली. पहिली पाळी सुटलेली, रस्ता माणसांनी भरलेला. कंपाउंड कमरेएवढं.

आम्ही चौघं तिला घेऊन ठाण्यावर गेलो. साहेब म्हणाले, "आधी चौकशी करू, मग गुन्ह्याचं बघू."

मावशी म्हणाली, "सायेब, शिवी देताना त्यानं कुठं चौकशी केली?"

ही 'आधी चौकशी' कुठून आली, ते बघा. कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून सुरू झालेलं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २० मार्च २०१८ ला निकाल लागला: गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी करता येईल, अन् वरच्या मंजुरीशिवाय अटक नाही. २ एप्रिलला देश बंद झाला. आपली पोरं गोळीनं मेली. ऑगस्टमध्ये संसदेनं कायद्यात कलम १८-अ घातलं: गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागणार नाही, अटकेला मंजुरी लागणार नाही. १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं आपलेच ते आदेश मागं घेतले. १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ वैध ठरवलं. म्हणजे साहेबांची चौकशी कधीच मेलेली होती. आम्ही १८-अ चं नाव घेतलं, तेव्हा ती टेबलाखाली गेली.

मग साहेबांनी मोबाईल काढला. "सुप्रीम कोर्टाचा नवा निकाल आहे. चार भिंतींतली शिवी ॲट्रॉसिटीत बसत नाही. अंगण मालकाचं आहे."

निकाल खरा होता. नोव्हेंबर २०२० चा, उत्तराखंडातल्या हितेश वर्मा खटल्याचा. पण तिथं शिवी घराच्या आत दिल्याचा आरोप होता, अन् बाहेरचं कुणी हजर नव्हतं. पालघरच्या एका वकिलांकडनं आम्ही २००८ चा स्वर्णसिंग निकालही मिळवला. त्यात फाटकाशी गाडीजवळ उभ्या ड्रायव्हरला जातीवरून हिणवलेलं. कोर्ट म्हणालं, सार्वजनिक जागा वेगळी अन् लोकांच्या नजरेतली जागा वेगळी. अंगण खासगी असलं तरी रस्त्यावरनं दिसत असेल, तर ती लोकांच्या नजरेतलीच जागा. २०२० च्या निकालानंही हाच फरक धरलाय. साहेबांच्या मोबाईलवर एवढं आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फिर्याद नीट लिहून नेली. मावशी कुठं उभी, मालक कुठं, कंपाउंड किती उंच, रस्त्यावरनं कुणी ऐकलं. एक वारली पोरगा अन् एक बिहारी कंत्राटी कामगार पुढं आले. दोघंही तिच्या नात्यातले नाहीत, ओळखीचेही नाहीत. हेही निकालात लागतं: नुसते सगेसोयरे, दोस्त हजर असले तर ते 'लोक' धरत नाहीत. गुन्हा नोंदला. खटला उभा आहे, तारखा पडताहेत.

तर गड्यांनो, १४ एप्रिलला डीजे लावा, माझी ना नाही. पण अभ्यासवर्गात महिन्याला एक निकाल आख्खा वाचा. बातमी नव्हे, निकाल. प्रकरण काय होतं, कोर्टानं किती दिलं, किती काढून घेतलं, ते वहीत मराठीत उतरवा अन् वहीची प्रत वस्तीतल्या बायांच्या हातात द्या. वाईट निकाल रस्त्यावर उतरून फिरवता येतो, हे २०१८ नं दाखवलं. पण चांगला निकाल न वाचता पडून राहिला, तर तो फौजदाराच्याच कामाचा.

जयभीम.