नानांची पट्टी

माझ्या कामाच्या टेबलावर लोखंडाची वीतभर पट्टी असते. एका टोकाला ड्रिलनं पाडलेलं भोक, दुसऱ्या टोकाला हॅकसॉनं घातलेली खाच. पुण्याच्या ऑफिसात नवे इंजिनिअर येतात, तेव्हा मी ही पट्टी त्यांच्या हातात देते. ती मला नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्यानं दिली. सगळे त्यांना नाना म्हणायचे.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. आमच्या ओट्यावरून सुप्याकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसायच्या. म्हणून 2016 च्या रोबोकॉनचा विषय समजला, तेव्हा तो आपल्याच दारातला वाटला. रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक देशांतल्या विद्यार्थ्यांची स्पर्धा, 2002 साली टोकियोत सुरू झालेली. 2008 मध्ये ती पुण्यात झाली, तेव्हा दहीहंडीवरून ‘गोविंदा’ हा विषय होता. 2016 चं यजमानपद थायलंडकडे होतं आणि विषय होता स्वच्छ ऊर्जा. दोन रोबो बनवायचे. ‘इको’ रोबोला स्वतःची चालक मोटर लावायची नाही, फक्त दिशा वळवायला एक मोटर. त्याला ‘हायब्रिड’ रोबोनं स्पर्श न करता पुढे न्यायचं, वाऱ्यानं किंवा चुंबकानं. चढ, उतार आणि नदीसारखी वळणं पार झाली की हायब्रिडनं इकोकडून पवनचक्कीचं पातं घ्यायचं, खांबावर चढायचं आणि ते वर बसवायचं. वेळ तीन मिनिटं.

आमच्या कॉलेजच्या टीममध्ये अकरा जण. खांबावर चढण्याचं काम माझ्याकडे आलं. खांबाला दोन रबरी रोलर भिडवायचे आणि स्प्रिंगनं आवळायचे, असं मी कॅडवर काढलं होतं. स्क्रीनवर ते सुरेख चढत होतं. प्रत्यक्षात रोबो फूटभर चढायचा आणि घसरायचा. स्प्रिंग जास्त आवळली की मोटर अडायची, तापायची. मग आम्ही वजनाच्या मागे लागलो. ॲल्युमिनिअमच्या चौकटीला भोकंच भोकं पाडली, जाड पट्ट्या काढून पातळ घातल्या. आठवडा गेला. रोबो हलका झाला आणि तसाच घसरत राहिला.

रोलर पुन्हा टर्न करून घ्यायला मी नानांच्या नागापूरच्या गाळ्यावर गेले. नाना तेव्हा साठीच्या पुढचे असतील. आधी बरीच वर्षं ते कायनेटिकच्या कारखान्यात होते, लुना मोपेडच्या जमान्यात. त्यांनी रोलर हातात घेतला, व्हर्निअर लावला आणि विचारलं, “पोरी, हा तिसऱ्यांदा आणलास. रोलरचा काय दोष आहे त्यात?”

मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण चक फिरतच होता. हातातला जॉब उतरवल्यावर त्यांनी भंगारातून एक पट्टी उचलली, तिला भोक पाडलं आणि व्हाइसमध्ये उभ्या धरलेल्या सळईवर ती घातली. भोक सैल होतं. पट्टी सरसर खाली आली. मग त्यांनी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला खाच घातली, तिच्यात सुतळीनं एक पाना टांगला आणि पट्टी सळईवर वर नेऊन सोडली. ती जागच्या जागी अडकली. त्याच सुतळीला त्यांनी हातोडाही बांधला. पट्टी हलली नाही.

“वजन वाढवलं तरी घसरली का?” त्यांनी विचारलं. “तू वजनाशी भांडत बसलीस. त्याला कामाला लाव.”

त्या रात्री होस्टेलवर मी स्प्रिंग बाजूला ठेवून गणित मांडलं. वरचा रोलर खांबाच्या पलीकडून, खालचा अलीकडून. रोबोचं वजन खांबापासून जितकं लांब, तितका तो बाहेर कलणार आणि दोन्ही रोलर खांबावर तितके दाबले जाणार. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वजन होतं, ते उडून गेलं. उरलं फक्त अंतर. घर्षणाचा गुणांक 0.5 धरला आणि दोन रोलरमध्ये 20 सेंटिमीटर उभं अंतर असलं, तर वजनाचा मध्य खांबापासून निदान 20 सेंटिमीटर दूर हवा. आमचा 12 वर होता. तिथं पकड वजनाच्या साठ टक्केच मिळत होती, मग रोबो कितीही हलका केला तरी तो घसरणारच. आठवडाभर पाडलेली भोकं वाया गेली होती, कारण त्यांचा या प्रश्नाशी संबंधच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बॅटऱ्या बाहेरच्या टोकाला नेल्या. मध्य 25 वर गेला. नानांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एकच रोलर फिरवून भागणार नाही, मोकळा फिरणारा रोलर खांबाला धरत नाही. म्हणून सायकलची चेन घालून दोन्ही एकत्र, पण एकमेकांच्या उलट दिशेनं फिरवायचे. आणि मोटर गाडीच्या वायपरची घ्यायची, कारण तिच्यात वर्म गिअर असतो. मोटर गिअर फिरवते, पण भार उलटा मोटर फिरवू शकत नाही. वीज गेली तरी रोबो वरच राहील. रोलरला रबर चढवायला त्यांनी आम्हाला टायर रिमोल्डवाल्याकडे पाठवलं, सोबत चिठ्ठी देऊन.

इको रोबोच्या चाकांनाही त्यांचाच हात लागला. नवी बेअरिंग जड फिरत होती. त्यांनी सील काढायला लावली, आतलं घट्ट ग्रीस पेट्रोलनं धुवून टाकलं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. चाक फिरवून सोडलं, तर थांबायचं नाव घेईना. पंख्याच्या वाऱ्यावर चालणाऱ्या रोबोला हेच हवं होतं.

एकदा मी त्यांना विचारलं, हे कुठं शिकलात? ते म्हणाले, “लुनाच्या क्लचपाशी.” लुनाला क्लचची मूठ नव्हती. इंजिनाचा वेग वाढला की क्लचचे शू आपसूक बाहेर फेकले जात आणि ड्रमला धरत. वेगानंच पकड घट्ट करायची, माणसाला काही करायला लावायचं नाही. नगरच्या कारखान्यातला तो विचार माझ्या रोबोत आला, तो नानांच्या हातून.

भारतातली फेरी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. तिथं आमचा इको रोबो दोन सामन्यांत वळणावर रेषा सोडून गेला. तिसऱ्या सामन्यात तो शेवटपर्यंत पोचला. हायब्रिडनं पातं घेतलं आणि खांबावर चढला. पातं बसायच्या आतच वेळ संपली. आम्ही वीज बंद केली. रोबो खांबाच्या टोकाशी तसाच राहिला, बोटभरही खाली आला नाही. आम्ही हरलो होतो आणि मी वर बघत रडत होते. संध्याकाळी नानांना फोन केला. त्यांनी निकाल विचारलाच नाही. “खाली आला नाही ना?” एवढंच विचारलं.

नंतर प्रकल्पाचा अहवाल लिहिला. आभाराचं पान मीच लिहिलं. प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, आईवडील, मित्र. नानांचं नाव नव्हतं. मुद्दाम वगळलं नव्हतं. ते सुचलंच नाही, आणि हे जास्त वाईट आहे. पाच महिने त्यांनी फक्त मालाचे पैसे घेतले, मजुरीचा एक रुपया घेतला नाही.

2019 मध्ये नोकरीत कायम झाल्यावर मी पेढे घेऊन गाळ्यावर गेले. तिथं दुसराच बोर्ड होता. फोन बंद लागत होता. शेजारच्यांनी सांगितलं, नाना मुलाकडे गेले. कुठं, ते कुणाला नक्की माहीत नव्हतं. आडनाव विचारलं, तर दोघांनी दोन सांगितली. तेव्हा लक्षात आलं, मला त्यांचं पूर्ण नाव कधीच माहीत नव्हतं. जुन्या बिलावर गाळ्याचा नंबर होता, बाकी काही नाही.

नगर आता अहिल्यानगर झालं. तिथल्या आणि आसपासच्या कॉलेजांतली मुलं आजही संध्याकाळी पिशवीत रोलर घेऊन अशाच एखाद्या गाळ्यावर जात असतील. त्यांना माझं सांगणं आहे: अहवाल छापायला देण्याआधी एकदा त्या गाळ्यावर जा. त्या माणसाचं पूर्ण नाव विचारा, ते नीट लिहून घ्या आणि आभाराच्या पानावर पहिल्या ओळीत घाला.