कुर्डुवाडीचा शिंजीर

पंढरपूरच्या वाटेवर गाडी बदलण्यापुरतेंच ज्यांनीं कुर्डुवाडी पाहिलें, त्यांच्या स्मरणांत ऊन, धूळ आणि फलाटावरील गर्दी यांखेरीज फारसें कांहीं उरत नाहीं. १८९७ सालीं येथून बार्शीपर्यंत अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. आतां ते रूळही रुंद झाले, पण गांव वाटसरूंचेंच राहिलें. गेल्या फाल्गुनांत मात्र आम्ही बहिणीकडे तेथें आठ दिवस राहिलों.

परसांतल्या जास्वंदीस भाच्यानें साखरपाण्याची बाटली टांगली होती. अमेरिकेंतल्या काकांच्या अंगणांत अशा बाटलीवर हमिंगबर्ड येतात, मग आपल्याकडे कां येऊं नयेत, हा त्याचा प्रश्न. तो पक्षी अमेरिकेच्या दोन खंडांबाहेर आढळत नाहीं, हें ऐकून त्याचा चेहरा उतरला. बाटलीस मुंग्या लागल्या आणि उन्हानें दुसऱ्याच दिवशीं पाणी आंबलें.

परंतु त्याच जास्वंदीवर, बाटलीकडे ढुंकूनही न पाहतां, एक शिंजीर रोज येत होता. बोटभर लांबीचा; ऊन पडतांच काळ्या अंगावर जांभळी-निळी झळाळी. हमिंगबर्ड हवेंत स्थिर राहून मध पितो. हा बहुधा फांदीवर बसून पितो, आणि फूल फार खोल असलें तर बुडाशीं भोंक पाडून मध चोरतो!

तिसऱ्या दिवशीं त्याच जास्वंदीच्या फांदीस गवत, काड्या व कोळिष्टकें यांचें लोंबतें घरटें दिसलें. आंत पिलें होतीं. मादी त्यांस किडे व कोळी भरवीत होती. केवळ साखरेवर पिलें वाढत नाहींत. आणि लग्नासाठीं परसांत फरशी घालावयाची म्हणून मेहुण्यांनीं ती जास्वंद तोडण्यास सोमवारीं गवंडी बोलाविला होता!

बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, “अरे, आपलें कार्य वैशाखांत आहे. या लेकुरवाळीला आधीं मोकळी होऊं दे, मग तुझी फरशी.” गवंडी परत गेला.

पुढें बहिणीचें पत्र आलें : पिलें उडालीं, फरशी जास्वंदीस वळसा घालून बसली.

ज्यांस बाटलीच टांगावयाची असेल त्यांनीं एका भागास चार भाग पाणी घेऊन साधी साखर विरघळवावी, रंग वा मध घालूं नये, आणि उन्हाळ्यांत पाणी रोज बदलावें. परंतु आमचें सांगणें एवढेंच, कीं परसांत एक जास्वंद वा शेवगा असूं द्यावा आणि त्यावर कीटकनाशक फवारूं नये. पाहुणा आपण होऊन येईल.