डोळे उघडे, अक्षरं गायब!

तुम्ही हे वाक्य वाचताय ना, तेवढ्या वेळात तुमच्या डोक्यात काय काय घडतंय हे मला नुकतंच कळलंय, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला ते सांगत सुटलेय! वाचताना आपले डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. सेकंदाला तीन-चार उड्या. प्रत्येक थांब्यावर अगदी स्पष्ट दिसतात ती मोजकीच अक्षरं, बाकीची ओळ धूसर. ती अक्षरं आधी डोक्याच्या पार मागच्या टोकाला पोचतात, तिथून मेंदूच्या तळाशी, डाव्या कानाच्या मागच्या अंगाला असलेल्या एका चिमुकल्या भागात त्यांचा शब्द होतो, आणि मग आवाज आणि अर्थ जागे होतात. सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच! जन्मभर वाचत आले, पण याचा पत्ता नव्हता. पत्ता लागला तो हे सगळं थोडा वेळ बंद पडलं तेव्हा.

संध्याकाळची बदलापूर लोकल. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर कशीबशी टेकले होते, हातात पुस्तक, ग्रंथसखा वाचनालयातून आणलेलं. श्याम जोशींनी उभं केलेलं हे वाचनालय म्हणजे आम्हा बदलापूरकरांचं वैभव. विठ्ठलवाडीच्या आसपास एक शब्द अडला. ज्या अक्षरावर नजर ठेवावी त्याच्या लगेच उजवीकडची अक्षरं नाहीतच! काळा डाग नाही, धुरकट नाही, नुसतंच नाही. मान वर केली तर उल्हासनगर स्टेशनची पिवळी पाटी समोर आली. तिच्यावर ‘उल्हास’ तेवढं होतं, आणि ‘नगर’च्या जागी सलग पिवळा रंग. रंग होता, पाटी होती, अक्षरं नव्हती.

शेजारचीने माझ्याकडे पाहिलं. “ताई, चक्कर येतेय का?” मी सांगितलं, वाचता येत नाहीये. ती नर्स निघाली. तिने पुस्तक बाजूला ठेवायला लावलं आणि भराभर सुरू केलं, “आधी एक डोळा झाका, मग दुसरा. हसून दाखवा. दोन्ही हात वर करा, तसेच धरा. आता तुमचं नाव आणि पत्ता सांगा.” एक डोळा झाकला तरी अक्षरं गायब, दुसरा झाकला तरी गायब. हसू सरळ, हात सरळ, बोलणं स्वच्छ. अंबरनाथ येईतो त्या रिकाम्या जागेभोवती झगमगती नागमोडी कड उमटली, किल्ल्याच्या तटासारखी काटकोनात वळत जाणारी. ती कमान उजवीकडे सरकत मोठी मोठी होत गेली. बदलापूरच्या फलाटावर उतरले तेव्हा ती नजरेच्या कडेला जाऊन विरत होती, आणि मधली अक्षरं पुन्हा जागेवर! “आलं ना दिसायला?” ती म्हणाली, “तरी घरी जायचं नाही. घरच्यांना फोन करा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.”

तिचं ऐकलं. त्याच रात्री रक्तदाब, साखर, ईसीजी झाला. पुढे एमआरआय आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर. मेंदूविकारतज्ज्ञांनी सगळं तपासून सांगितलं की हा अर्धशिशीचा ‘ऑरा’, म्हणजे तिची चाहूल. डोकं नंतर जरासंच दुखलं होतं. काहींचं तेवढंही दुखत नाही. आणि मग त्यांनी मला जे समजावलं, त्याने मी खुर्चीतून उठायलाच तयार नव्हते!

मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचा नकाशा आहे, तिथे उत्तेजनेची एक लाट उठते आणि पृष्ठभागावरून अगदी सावकाश, मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर, पुढे सरकते. उन्हाळ्यात मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांवर वणव्याची रेघ पाहिलीय? पुढे धगधगती कड, मागे विझलेलं काळं गवत. तसंच हे. लाटेची कड म्हणजे ती झगमग, आणि लाट जिथून गेली तिथल्या पेशी काही मिनिटं गप्प. म्हणून अक्षरं गायब. नजरेच्या मध्याला मेंदूने आपल्या नकाशात भरपूर जागा दिलेली आहे, कडेला थोडी. त्यामुळे लाटेचा वेग तोच असला तरी आपल्याला ती मध्याशी रेंगाळल्यासारखी आणि कडेला धावत सुटल्यासारखी दिसते. मला अगदी तशीच दिसली होती!

आणि हे शोधलं कुणी? ज्यांना स्वतःला हे झालं त्यांनी! ह्युबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने १८७० मध्ये आपल्याच झटक्याची चित्रं रॉयल सोसायटीपुढे मांडली. कमान कशी वाढत जाते ते त्याने टप्प्याटप्प्याने रेखाटलंय. त्याचे वडील जॉर्ज एअरी इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ. त्यांनाही हाच अनुभव येई. पुढे १९४१ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली याने स्वतःला दिसणाऱ्या कमानी कागदावर काढल्या, वेळ मोजली, आणि मेंदूत काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावं असा हिशेब मांडला. यंत्र कुठलंच नाही, फक्त कागद-पेन्सिल आणि घड्याळ! तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, ब्राझीलच्या अरिस्टिडीस लिआओला सशाच्या मेंदूवर तशीच संथ लाट प्रत्यक्ष सापडली. लॅशलीचा आणखी एक अनुभव मला फार आवडला. मित्राशी बोलताना त्याने नजर किंचित बाजूला नेली आणि मित्राचं डोकंच नाहीसं झालं. टायच्या वर थेट मागच्या भिंतीवरचे पट्टे! मेंदू रिकामी जागा रिकामी ठेवत नाही, आजूबाजूचं पाहून भरून टाकतो. माझ्या पाटीवरचा तो सलग पिवळा रंग माझ्या मेंदूने स्वतः भरला होता!

मग मी वाचतच सुटले. १८८७ मध्ये पॅरिसमधल्या एका सुशिक्षित कापड व्यापाऱ्याला अचानक वाचता येईनासं झालं. दिसतंय, बोलता येतंय, लिहितासुद्धा येतंय, पण स्वतः लिहिलेलं वाचता येत नाही! आकडे मात्र वाचता येत. त्यावर त्याने व्यवहार चालू ठेवले. बोटाने अक्षर गिरवलं की ते ओळखू येई. त्याच्या मृत्यूनंतर १८९२ मध्ये डॉक्टर ज्यूल देजरीन याने त्याचा मेंदू तपासून दाखवून दिलं की दृष्टीचा भाग आणि भाषेचा भाग यांच्यामधली वाट तुटली होती. त्याला झालेला पक्षाघात कायमचा होता. पण त्याआधी काही दिवस त्याच्या उजव्या हातापायात थोडा वेळ बधिरपणा येऊन गेला होता, हे वाचलं आणि त्या नर्सबाईंचा आग्रह मला पुरता उमगला.

आणि लिखाण म्हणजे मेंदूसाठी काय, तर कालचा पाहुणा! अंबरनाथच्या शिवमंदिराचा शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख आपल्याला केवढा जुना वाटतो. पण माणसाने लिहायला लागून जेमतेम पाच हजार वर्षं झालीत. वाचनासाठी वेगळा भाग उत्क्रांत व्हायला ती कुठे पुरणार? चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातच आपण शाळेत अक्षरांसाठी जागा करून घेतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना संशोधकांनी सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. तिशी गाठलेल्या माणसांच्याही मेंदूत खोलवर बदल झाले होते! आणि आपली देवनागरी तर काय सांगावी. ‘कि’ची वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर, मात्रा वर, उकार खाली. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या अभ्यासात देवनागरी वाचताना मेंदूच्या दोन्ही बाजूंचे भाग कामाला लागलेले दिसले. आपण रोज केवढी कसरत करतो!

तेव्हापासून उल्हासनगर मला वेगळंच दिसतं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेलं हे गाव. इथल्या बाजारात देवनागरी आहे, इंग्रजी आहे, आणि अधूनमधून उजवीकडून डावीकडे वाचायची अरबी वळणाची सिंधीही आहे. माझी उजवी बाजू गेली होती, म्हणजे मराठी वाचताना नजरेला ज्या दिशेने पुढची उडी मारायची तीच. पण उल्हासनगरातले एखादे आजोबा जुन्या लिपीतली सिंधी वाचत असतील, तर त्यांना डावी बाजू गेली की जास्त अडेल! बिघाड तोच, पण कुणाचं वाचन किती अडेल हे लिपी ठरवते.

आता मनापासून सांगते, कारण अक्षरं अडखळण्याची कारणं अनेक आहेत आणि काहींत घड्याळ उलटं धावत असतं. डोळे कोरडे पडले असतील तर पापण्या मिटून उघडल्या की दिसायला लागतं. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल, घाम सुटला, हात थरथरले आणि समोरचं पुसट झालं, तर साखर उतरलेली असू शकते. शुद्ध असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं आणि साखर तपासायची. एकाच डोळ्यावर पडदा ओढल्यासारखं झालं, ठिणग्या नि काळे ठिपके अचानक वाढले, किंवा डोळा लाल होऊन ठणकायला लागला, तर त्याच दिवशी, लगेच, नेत्रतज्ज्ञ. काही वेळा फिटही अशीच डोकावते. आणि एका क्षणात सगळं गेलं, किंवा तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं असं काही सोबत असलं, तर तो पक्षाघात समजून १०८ला फोन! मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. काही मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी जायचंच, कारण अशा झटक्यानंतर खरा पक्षाघात येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच झगमग दिसली तरी तपासणी हवीच. बायकांनो, ऑरा येत असेल आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

आणि हॉस्पिटलच्या वाटेवर, रिक्षात बसल्या बसल्या, चार गोष्टी मनात किंवा मोबाइलवर टिपा. एका डोळ्याला की दोन्ही? एकदम की हळूहळू पसरत? झगमग होती की नुसतं गायब? किती वाजता सुरू झालं, किती वाजता सरलं? माझा एमआरआय अगदी स्वच्छ आला. त्या लाटेने कुठेही खूण ठेवली नव्हती. एअरीने चित्र काढलं, लॅशलीने घड्याळ लावलं, म्हणून शास्त्र पुढे गेलं. आणि मी स्टेशनं सांगू शकले म्हणून डॉक्टरांना निदानाचा धागा मिळाला. तुमच्या डोक्यात त्या काही मिनिटांत काय घडलं, हे तुमच्याशिवाय कुणीच पाहिलेलं नसतं. ते डोळे उघडे ठेवून पाहा आणि जाऊन सांगा!