मोबाइलवरची शाळा आणि हातातला चाकू

कुंभार्ली घाट उतरून खाली आले की पोफळी लागते. इथल्या डोंगराच्या पोटात कोयनेचे पाणी जनित्रे फिरवते, वीज दूरदूरच्या शहरांना जाते आणि पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते. अशा या गावात 2020 च्या पावसाळ्यात काही बायका रोज दुपारी पाखाडी चढून वर जात आणि डोक्यावर इरले घेऊन, हातात मोबाइल धरून उभ्या राहत. घरात रेंज मिळत नव्हती आणि त्यांना माझा वर्ग ऐकायचा होता.

ते टाळेबंदीचे दिवस. गावोगावच्या बैठका बंद, प्रशिक्षणे मोबाइलवर. त्यातच 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडच्या बागा आडव्या केल्या. आता बागा पुन्हा उभ्या करायच्या तर आंब्याची कलमे लागणार, हा हिशेब इथल्या एका बचत गटाच्या बायकांनी बरोबर केला. त्यांनी मला कोयकलम शिकवायला सांगितले. मी शेतीखात्यातला विस्तार अधिकारी, दापोलीचा बी.एस्सी. कृषी. विषय मला पाठ होता. चार दुपारी मी वर्ग घेतला, चित्रे दाखवली. शेवटच्या दिवशी साठावर नावे लागली होती. मी अहवालात लिहिले : प्रशिक्षण यशस्वी.

ऑगस्टच्या अखेरीस त्या गटाच्या वहिनींचा फोन आला. “साहेब, एकदा येऊन जा.”

गेलो. परसात ताडपत्रीच्या आडोशाला दोनशे पिशव्या मांडलेल्या. त्यांतली अकरा कलमे हिरवी, बाकीच्या काड्या काळ्या पडलेल्या. रायवळच्या कोयी, पिशव्या, माती, हापूसच्या काड्या, सगळे गटाच्या कर्जातून आणलेले. वहिनी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “तुम्ही सांगितलंत तसंच केलं हो. कुठं चुकलं ते कळू दे.” आणि त्यांनी चाकू माझ्या हातात दिला.

चाकू हातात घेताच अर्धे उत्तर मिळाले. तो भाजीचा चाकू होता. कोयकलमात पंधरा दिवसांचे, तांबूस पानांचे कोवळे रोप वरून छाटून त्याला उभी चीर द्यायची आणि कलमकाडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवायची. दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडला तर जीव धरतो. बोथट पात्याने तो थर चेचला जातो. “धारदार चाकू घ्या” असे मी म्हणालो होतो. पण धारदार म्हणजे किती, हे पडद्यावर कसे कळणार?

उरलेले अर्धे उत्तर शेजारच्या म्हाताऱ्या माळीबाबांनी दिले. त्यांनी एका कलमाची प्लॅस्टिकची पट्टी बोटाने हलवली. “सैल आहे. पाणी आत गेलं. काडी कुजली.” मग काडीकडे बघून विचारले, “पानं कधी छाटली होती?” वहिनी म्हणाल्या, “कलम बांधलं त्याच दिवशी.” काडीची पाने आठ-दहा दिवस आधी झाडावरच छाटून ठेवायची असतात, म्हणजे तिचा डोळा फुगतो. हे मी वर्गात एकदा सांगितले होते. नेमकी त्याच वेळी पाखाडीवरची रेंज गेली होती. एकदा सांगून मी पुढे गेलो आणि मागे कोण राहिले ते मला दिसले नाही. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर न कळल्याचे दिसते, नावांच्या यादीत दिसत नाही.

गटाचे हप्ते त्या बायकांनी लावणी-कापणीची मजुरी करून फेडले. माझा अहवाल मात्र यशस्वीच राहिला. ही गोष्ट मला अजून टोचते.

मोबाइलवर शिकवणे वाईट, असे म्हणून मला सुटता आले असते. पण तेही खरे नव्हते. 2021 च्या जुलैच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा तोच धडा घेतला. या वेळी माळीबाबांच्या अंगणात त्यांच्याच हातांची पाच मिनिटांची चित्रफीत काढली आणि जिथे रेंज होती तिथे सर्वांच्या मोबाइलवर उतरवून दिली. रात्री भांडी आवरल्यावर बायकांनी ती पाहिली, नाही कळले तिथे मागे नेऊन पुन्हा पाहिली. मोबाइल कंटाळत नाही. मी कंटाळलो असतो. मग दोन सकाळी सगळ्या पडवीत बसल्या. प्रत्येकीने दहा-दहा कलमे बांधली आणि माळीबाबांनी प्रत्येकीच्या बोटांवर बोटे ठेवून पट्टी किती ताणायची ते दाखवले. पंधरा दिवसांनी फोटो आले. कुठे कोंब फुटला, कुठे बुरशी दिसली, ते पाहून सल्ला देता आला. त्या वर्षी दोनशेपैकी दीडशेच्या आसपास कलमे जगली.

वाचकहो, ही युक्ती आमची नव्हे. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने महाराष्ट्रातल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे केली होती. मंडळी रेडिओभोवती जमत, ऐकून झाल्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न आकाशवाणीला कळवत. शेजारी ताडून पाहण्यासाठी नुसता रेडिओ असलेली गावेही निवडली होती. मंडळांच्या गावांत ज्ञान पुष्कळ वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने थोडेच. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक पडला तो जमून बोलण्याने.

आज यंत्रे पुष्कळ झाली आहेत. आयटीआयच्या मुलांसाठी 2019 पासून भारत स्किल्सवर धडे आहेत. 2017 पासून स्वयम् आहे. शेतकऱ्यासाठी किसान कॉल सेंटर 2004 पासून आहे आणि तिथे मराठीतही विचारता येते. नाशिकचे मुक्त विद्यापीठ 1989 पासून घरबसल्या शिकवते. या सगळ्यांचा उपयोग जरूर करावा. वेल्डिंगच्या ठिणगीपासून डोळे का जपायचे, खताची मात्रा कशी काढायची, हे पडद्यावर छान कळते. पण वेल्डिंगचा सांधा आणि कलमाचा सांधा हातानेच शिकावा लागतो.

म्हणून तुमचा मुलगा, मुलगी किंवा सून मोबाइलवरचा धंदेशिक्षणाचा वर्ग लावणार असेल, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रत्यक्ष काम कुठे करायला मिळेल? चुकलेला हात धरून कोण दाखवील? वर्ग संपल्यावर अडचण आली तर उत्तर कोण देईल? तिन्हींची उत्तरे मिळाली तर खुशाल शिका. न मिळाली तर गावातला एखादा जुना जाणता शोधा आणि मोबाइल त्याच्या पडवीत घेऊन जा.

त्या पहिल्या वर्षी जगलेल्या अकरा कलमांपैकी एक वहिनींनी मला दिले. पैसे घेतले नाहीत. ते माझ्या अंगणात आहे. प्रशिक्षणाचा अहवाल लिहायला बसलो की मी आधी खिडकीतून त्याच्याकडे बघतो. आणि मग किती जण हजर होते याच्या आधी, किती कलमे जगली ते लिहितो.