रनआऊटनंतरचा कर्णधार

मेलबर्न कसोटीतला अजिंक्य रहाणेचा रनआऊट मला अजून लख्ख आठवतो. डिसेंबर 2020. आधी अॅडलेडला 36 धावांत संघाची दाणादाण उडालेली, कोहली पितृत्व रजेवर, शमी जायबंदी. हंगामी कर्णधार रहाणे 112 वर होता. 49 वर खेळणारा जडेजा चोरटी धाव घ्यायला निघाला आणि बाद झाला रहाणे. ना चिडचिड, ना हातवारे. उलट जडेजालाच धीर देऊन तो परतला. भारत तो सामना आठ गडी राखून जिंकला.

विश्वास तयार होतो तो अशाच क्षणी. याउलट टार्गेट हुकलं की आपल्या ऑफिसातल्या मीटिंगांमध्ये पहिला प्रश्न असतो, 'कोणामुळे?' मग माणसं जोखीम घेणं सोडतात, चुका झाकायला शिकतात आणि साहेबांना खरी बातमी सगळ्यांत शेवटी कळते.

पुढे मालिका 2-1 अशी जिंकल्यावर रहाणेने करंडक सोपवला तो नटराजनकडे, नेट बॉलर म्हणून दौऱ्यावर आलेल्या पोराकडे. तोटा स्वतः सोसायचा आणि श्रेय वाटून टाकायचं, हे ज्याला जमतं त्याच्यासाठी माणसं जिवाचं रान करतात. पगारवाढीने हे विकत घेता येत नाही.