अडकलेला पिस्टन



मागच्या रविवारी मुलीने सायकल अंगणात आणून उभी केली. "आई, पुढचं चाक घासतंय. ब्रेकही नीट लागत नाही." तिच्या शाळेच्या वाटेवर मोठा उतार आहे, त्यामुळे काम पुढे ढकलून चालणार नव्हतं.

सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहे. चाक काढलं, कॅलिपरमधले दोन्ही पॅड काढले आणि तिला ब्रेक हळूच दाबायला सांगितलं. उजवा पिस्टन बाहेर आला. डावा जागचा हलेना.

"आई, पास्कलचा नियम चुकला का गं? दाब तर सगळीकडे सारखा जातो ना?"

नियम चुकला नव्हता. तेलाचा दाब दोघांवर सारखाच होता. पण डाव्याच्या कडेला मळ चिकटला होता. उजवा सहज सरकत होता, म्हणून सगळं तेल त्याच्याच मागे जात होतं.

मग टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने मी उजवा पिस्टन दाबून धरला. तिने पुन्हा ब्रेक दाबला. डावा थोडासा बाहेर आला. जास्त दाबलं तर पिस्टन निसटून तेल सांडतं, म्हणून तिथेच थांबलो. कानकोरण्याच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कड पुसली, मिनरल ऑइलचा थेंब फिरवला, पिस्टन आत ढकलला. (आमच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आहे. काहींमध्ये डॉट फ्लुइड असतं. अदलाबदल केली तर सील खराब होतात.) असं चार-पाचदा केल्यावर दोघे बरोबरीने हलू लागले. तेल नीट पुसून मगच पॅड बसवले आणि अंगणातच ब्रेक तपासला.

रात्री वह्या तपासताना मात्र मन लागेना. माझ्या वर्गात प्रश्न विचारला की तेच चार हात वर येतात. मी त्यांनाच विचारते आणि तास पुढे सरकतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाबद्दल तर पालकसभेत मी बोलून गेले होते, "त्याला काही येतच नाही."

सोमवारी प्रश्न विचारला, वर आलेले हात खाली घ्यायला सांगितले आणि त्याच्याकडे पाहत थांबले. बराच वेळ गेला. उत्तर अर्धवट आलं, पण आलं!

त्याच्या वडिलांना आज फोन करणार आहे.