तार कशाची?

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीलगत मोटर वाइंडिंगच्या सामानाचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबात गेल्या दिवाळीनंतर एक प्रश्न जवळजवळ महिनाभर चालला. नववीतल्या मुलीला गिटार हवी होती, आणि तीही इलेक्ट्रिक. वडिलांना अकूस्टिक पटत होती. ‘आधी साधी शीक, टिकलीस तर पुढचे बघू,’ असे त्यांचे म्हणणे. त्यामागे हिशेब होता. नवशिक्याची बरी अकूस्टिक गिटार ६-७ हजारांत येते आणि पिशवीतून काढली की वाजते. इलेक्ट्रिकला अॅम्प्लिफायर हवा, केबल हवी, आणि आकडा सहज दुप्पट होतो. शिवाय पर्युषणातील सायंकाळच्या भक्तीत अकूस्टिक शोभली असती, हा न बोललेला लाभही त्यांनी जमेस धरला होता.

आजोबांनी किंमत विचारली नाही. त्यांनी विचारले, ‘तार कशाची असते?’

प्रश्न विक्षिप्त नव्हता. पुडीच्या चामड्यामुळे ज्या घरात तबला कधी आला नाही, तेथे तो निघणारच होता. स्पॅनिश गिटारच्या तारा शतकानुशतके जनावरांच्या आतड्यांपासून होत असत. दुसऱ्या महायुद्धात हे आतडे शस्त्रक्रियेच्या टाक्यांकडे वळले, तारांचा तुटवडा पडला, आणि न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनची तार सिद्ध केली. विख्यात वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी ती उचलून धरली. आता नेहमीच्या दुकानात नायलॉन किंवा धातूचीच तार मिळते. हाड मात्र अजून मिळते. तारा ज्या दोन लहान पट्ट्यांवर टेकतात, त्या महागड्या अकूस्टिक गिटारमध्ये पुष्कळदा हाडाच्या असतात, स्वस्त गिटारमध्ये प्लॅस्टिकच्या. महाग माल सदोष आणि स्वस्त निर्दोष, असा योग व्यापारात विरळाच.

हे बोलणे चालू असताना मुलीची आई पोळ्या करीत होती. लग्नापूर्वी ती गाणे शिकत असे. जिन्याखाली कापडात गुंडाळलेली पेटी तिचीच. सासऱ्यांसमोर ती सहसा अशा चर्चेत पडत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाली, ‘मला सतार हवी होती, बाबा. सतारीची घोडी शिंगाची असते, असे कोणीतरी आमच्या अण्णांना सांगितले, आणि सतारीऐवजी पेटी आली. सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणाले. लाकडाची घोडी बसवून मिळते का, एवढे विचारायला कोणी गेले नाही.’

त्यावर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः नातीला घेऊन दुकानात गेले, आणि वडीलही मागोमाग गेले.

दुकानदाराने दोन्ही गिटारी पुढ्यात ठेवल्या. अकूस्टिकची सर्वांत बारीक तार साधारण ०.३० मिलिमीटरची, इलेक्ट्रिकची ०.२३. फरक ऐकायला किरकोळ, पण नवख्या बोटांना तो पहिल्या दिवशीच कळतो. अकूस्टिकवर बोटे लवकर कणखर होतात हे खरे. मात्र आधी अकूस्टिक शिकल्याखेरीज इलेक्ट्रिक येत नाही, ही समजूत शिस्तप्रिय वडीलधाऱ्यांनीच जपलेली दिसते. ज्या आवाजासाठी मूल झुरते, तो आवाज हाती न देता वर्षभर दुसराच घोटायला लावला, तर पुष्कळदा जिन्याखाली आणखी एक गाठोडे वाढते.

आजोबांनी भिंग काढून पाहिले: तारा पोलादाच्या, एका टोकाचा आधार धातूचा, दुसरीकडची पट्टी प्लॅस्टिकची. वडिलांचे लक्ष तारांखालच्या पिकअपकडे गेले. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते आणि अॅम्प्लिफायर तिचा आवाज करतो. ‘म्हणजे हे आपलेच वाइंडिंग की,’ ते म्हणाले. घासाघीस त्यांनी तरीही केलीच.

इलेक्ट्रिक घेतली, लहान अॅम्प्लिफायरही, हेडफोन लावता येणारा. रात्री दुकान बंद झाल्यावर मुलगी सराव करते. घरच्यांना ऐकू येते ते विमानतळावर उतरणाऱ्या विमानाचे, तिचे नाही.

परवा वादळात वीज गेली. अॅम्प्लिफायर मुका झाला, तरी तिचा हात थांबला नाही. पोकळ पेटी नसलेल्या त्या लाकडातून निघणारा स्वर इतका क्षीण होता, की हातभर अंतरावरही चुका लपून राहत. आजोबांनी खुर्ची जवळ ओढली. स्वयंपाकघरात मेणबत्ती शोधणाऱ्या आईने तेवढ्यात हाक मारून विचारले, ‘ते मघाचे पुन्हा वाजवशील का?’